फोटोला लावलेली विभूती

मल्लप्पाच्या गुरुसिद्धप्पाबद्दल लिहून ठेवावं असं त्याच्यात काही नाही. मलाही लिहिण्याची सवय नाही, आणि हे नीट उतरेल की नाही याची शंकाच आहे. पण आमच्या मंगळवार पेठेत त्याची आई कमलम्मा कुणाकडे हळदीकुंकवाला गेली की बायका अजून हसत हसत म्हणतात, ‘कागदं उचला ग, कमलम्मा आली.’ हिनं पोराच्या कागदाला कुंकू लावलं आणि त्याची अमेरिका घालवली, असं सगळे धरून चालले आहेत. ते खरं नाही. त्याच्याबरोबर मुंबईला मी गेलो होतो. म्हणून लिहितो.

मल्लप्पाचं भुसाराचं दुकान आमच्या घराला लागून. गुरुसिद्धप्पा एकुलता एक. डिप्लोमा झाला, पुण्याला थोडे दिवस नोकरी केली आणि मग तो अमेरिकेला गेला. तिथं एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम करत असे. काम वाईट नव्हे. पण इथं लिहिताना तो ‘इंजिनिअर’ असं लिही, आणि मल्लप्पा ती पत्रं गिऱ्हाइकांना वाचून दाखवताना त्याचा ‘मोठा इंजिनिअर’ करी.

आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, गणपती बसायच्या सुमारास तो सोलापूरला आला. आल्या दिवसापासून तो अमेरिकेला ‘आमच्याकडे’ आणि सोलापूरला ‘तुमच्याकडे’ म्हणू लागला. जन्मदात्या बापाला तो ‘तुमच्या दुकानात धूळ फार’ असं म्हणे. ओट्यावर बसण्याआधी रुमाल अंथरी. कमलम्मा त्याच्यासाठी पाणी उकळून, गाळून, गार करून ठेवी, तर हा पेला उजेडात धरून बघे आणि मगच तोंडाला लावी. लहानपणी गुडघ्यावर आपटून कडक भाकरी मोडून खाणारा हा पोरगा, आता म्हणे दात जातील.

आला होता लग्न जमवायला. मंद्रूपच्या मायाप्पांची थोरली मुलगी त्याला सांगून आली होती. त्याआधी त्यानं तिकडून एक फोटो पाठवला होता, मोटारीला टेकून काढलेला. मोटार शेजाऱ्याची होती, हे त्यानंच नंतर बोलता बोलता सांगितलं, आणि सांगताना त्याला काही वाटलं नाही.

आता त्या कागदाचं. अमेरिकेत कायम राहायची परवानगी मिळाली की ते लोक एक कार्ड देतात. बाहेर जाऊन परत यायचं तर ते दाखवावं लागतं. याचं कार्ड विजारीच्या खिशात राहिलं आणि कपडे धुण्याच्या यंत्रातून निघालं तेव्हा त्याचा लगदा झाला होता. त्यानं नव्या कार्डासाठी अर्ज केला. तिथल्या कचेरीनं तोवर एक पत्र दिलं, त्यावर त्याचा फोटो, गोल शिक्का आणि साहेबाची सही. आणि बजावलं की कार्ड हातात पडेपर्यंत देश सोडू नका, गेलात तर हे पत्र जपा, याच्यावरच परत आत घेऊ. हा तरीही आला. दिवाळीच्या आत कामावर हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा जाणार होती. हे सगळं तो मोठ्या ऐटीनं सांगे, जणू दोन सरकारं त्याच्यावाचून अडून बसली होती.

पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट कपाटावर. आल्यागेल्याला ते लांबून दाखवायचं. मायाप्पा बघायला पुढं झाले तेव्हा यानं त्यांना हात स्वच्छ आहेत का म्हणून विचारलं. होणारा सासरा, चार बैलांचा शेतकरी. त्यांनी मुकाट्यानं हात पाठीमागे घेतले आणि वाकून बघितलं. तेव्हाच त्यांनी उठून जायला हवं होतं.

खंडेनवमीला मल्लप्पाच्या घरी पोट भरण्याच्या प्रत्येक साधनाची पूजा होते. तराजू, वजनं, मापं, कमलम्माची विळीसुद्धा. आदल्या दिवशी तिनं लेकाला विचारलं की तुझं काय ठेवू. तो म्हणाला, माझं काय तराजू आहे की पहार? आमच्याकडे मशीनला तेल लागतं, कुंकू लागत नाही. पण महिनाभर तोच घरात म्हणत होता की हा कागद म्हणजे माझं सगळं, हा नसला तर तिथं मला कुणी दारात उभं करणार नाही. ती बाई लेकाचा शब्द खरा मानणारी.

सकाळी तो त्याचा साबण घेऊन न्हाणीत गेला. त्याची अंघोळ लांबलचक चाले. तेवढ्यात तिनं पाकिटातून पत्र काढून पाटावर तराजूशेजारी ठेवलं. गोल शिक्का बघून तिला वाटलं, कुंकवाची जागा हीच. तिथं कुंकू लावलं, कोपऱ्याला हळद. आणि मग फोटो. आल्यापासून त्याचं कपाळ मोकळं होतं. आई विभूती लावायला आली की तो मान मागे घेई. फोटोतला मुलगा मान मागे घेणार नव्हता. तिनं विभूती भिजवली आणि तीन बोटांनी त्याच्या कपाळावर आडवी ओढली.

मी प्रसादाला गेलो होतो, त्यामुळे पुढचं मी बघितलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून आला, पाटाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अव्वा, तू मला मारलंस.’ पुढचं इंग्रजीत बोलला, ते तिला कळलं नाही हे बरंच झालं. ती पदरानं पुसायला वाकली तर त्यानं पत्र हिसकावून घेतलं. मल्लप्पा तराजूची दांडी हातात धरून नुसता बसला होता.

मी ते पत्र जवळून बघितलं. विभूती वाळत आली होती, फुंकर मारली असती तर बरीचशी उडाली असती. कुंकवाखाली शिक्का दिसत होता. एकही अक्षर गेलेलं नव्हतं. मी म्हटलं, आहे असं राहू दे, वाळलं की झटकू, जड पुस्तकाखाली ठेव. मी खात्रीनं बोललो नाही, मला तसं बोलता येत नाही. तो म्हणाला, ‘काका, तुम्हाला यातलं काय कळतं?’

मग तो खोलीत जाऊन दार लावून बसला. दाढीनंतर लावायचं सुवासिक पाणी त्यानं अमेरिकेतून आणलं होतं. कापसाचा बोळा त्यात बुडवून त्यानं शिक्का पुसला. कुंकू निघालं. शिक्क्याची जांभळी शाईही निघाली, आणि सहीचा अर्धा भाग. फोटोवरची विभूती त्यानं दाढीच्या पात्यानं खरवडली, तेव्हा फोटोचं कपाळही खरवडून निघालं. भुवयांच्या वर नुसता पांढरा कागद. बाहेर येऊन त्यानं आम्हाला ते दाखवलं आणि म्हणाला, निघालं बघा सगळं. अमेरिकेत याला सुटे भाग तपासायला ठेवलं होतं.

दसरा झाल्यावर तिकीट पक्कं करायला गेला तर विमान कंपनीच्या माणसानं पत्र बघून नकार दिला आणि मुंबईच्या अमेरिकन कचेरीतून सही आणायला सांगितलं. मी गिरणीच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार केलेला, म्हणून मल्लप्पानं मला बरोबर धाडलं. तिथं माझा काही उपयोग नव्हता. मी बाकावर बसून ऐकलं एवढंच.

खिडकीपाशी एक आपल्याकडचे कारकून होते, त्यांच्या मागे गोरा साहेब. यानं सुरुवातच अशी केली की माझी आई अडाणी आहे, तिनं धार्मिक पावडर लावली. साहेबानं कागद खालीवर केला आणि विचारलं, कुठं आहे पावडर? कारकून त्याला म्हणाले की या दिवसांत असे कागद येतातच, हळदीचे, कुंकवाचे, एखाद्याला तांदूळही चिकटलेले. आपण झटकून घेतो. साहेबानं मान डोलावली. मग पत्र उजेडात धरून तो सावकाश बोलला. कुंकू असतं तर मी आत्ता सही दिली असती. पण शिक्का पुसलेला आणि फोटो खरवडलेला कागद मी घेऊ शकत नाही. हे कुणी केलं?

गुरुसिद्धप्पा म्हणाला, ‘माझ्या आईनं.’

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबानं सांगितलं की अमेरिकेला विचारावं लागेल, उत्तर येईपर्यंत घरी थांबा, काही महिने लागतील. परतीच्या गाडीत त्यानं मला शेंगदाणे घेऊन दिले आणि घरी काय सांगायचं ते शिकवलं. कुंकवामुळं नाकारलं, एवढंच सांगायचं. मी शेंगदाणे परत केले.

घरी त्यानं तेच सांगितलं, ओट्यावर उभं राहून, चार शेजारी असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमलम्माला साहेब जे बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं. ती जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं नाही.

‘मला ठाव हाय, अण्णा,’ ती म्हणाली. ‘त्या बाटलीचा वास घरभर व्हता की.’

मी विचारलं, मग तुम्ही बोलत का नाही?

‘माझ्यावर घातलं तर माझं कुठलं कार्ड जाणार हाय? त्येला लई लांब जायचंय.’

मला हे पटलं नाही, अजून पटत नाही. मी मल्लप्पालाही सांगितलं. तो म्हणाला, घरातलं आहे, असू दे. मग मी पेठेत दोघातिघांना सांगून बघितलं, पण माझं बोलणं हळू, आणि कुंकवाची गोष्ट सांगायला जास्त मजेची.

दिवाळी गेली. कारखान्याचं पत्र आलं की जागा भरली. मायाप्पांनी कार्तिक संपेपर्यंत वाट बघितली आणि मुलगी अक्कलकोटच्या सोसायटीतल्या एका क्लार्कला दिली. मुलगी सुटली असं मला वाटतं. गुरुसिद्धप्पा दुकानात बसू लागला. पोत्यावर रुमाल अंथरून. वजन करायला गेला की पारडं कधी इकडं कधी तिकडं. बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेली एक म्हातारी त्याला म्हणाली, ‘मालक, ह्ये अमेरिकेचं माप हाय व्हय? मग मी आपली सोलापूरच्या दुकानात जाते की.’ दुकानात हशा झाला. तो म्हणाला, आमच्याकडे सगळं मशीनवर असतं. तिकडची नोकरी गेली, सोयरीक गेली, तरी त्याचं ‘आमच्याकडे’ काही गेलं नाही.

आणि गिऱ्हाइकानं विचारलं, कधी जाणार, की तो आतल्या दाराकडे बोट दाखवून म्हणे, आमच्या मातोश्रींना विचारा. आत कमलम्मा त्याचं पाणी उकळत असे.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा होऊन गेल्यावर मुंबईहून बोलावणं आलं. अमेरिकेचं उत्तर आलं होतं आणि नवं कार्डच आलं होतं. तो एकटा जाऊन घेऊन आला. हे कार्ड कागदाचं नव्हतं, प्लॅस्टिकमध्ये पक्कं बंद केलेलं होतं. त्याला कुंकू लावा, हळद लावा, ओल्या फडक्यानं निघून जाईल. त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. आईला दाखवलं नाही.

निघायच्या दिवशी आम्ही शेजारी ओट्यावर जमलो. मल्लप्पानं टांगा आणला होता. कमलम्मा ताट घेऊन बाहेर आली. ताटात विभूती होती. चार लोक बघत होते म्हणून असेल, या खेपेला त्यानं मान मागे घेतली नाही. तिनं बोटं भिजवली. त्यानं कपाळ पुढं केलं, आणि तिचा हात जवळ येताच शर्टाच्या खिशावर, कार्डावर, आपला तळहात पालथा घातला आणि तिचा हात खाली जाईपर्यंत तसाच दाबून धरला.