बारीक झांजेचा आवाज

‘वरचं गेलंय,’ असं साहेब म्हणाले की समजायचं, रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलचा आणखी एक भाग बदलणार. मान तिरकी, एक बोट हवेत, आणि चेहरा असा की घरात चोर शिरलाय आणि तो फक्त त्यांनाच दिसलाय.

चाकणच्या एका कंपनीत ते प्रेस शॉपचे मॅनेजर, मी अकाउंट्सला. मोशीला आमचे फ्लॅट समोरासमोर. पत्रा दाबणाऱ्या अजस्र मशीनांमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. कानात बोळे घालायचे नाहीत. म्हणायचे, ‘पत्रा दाबायची डाय बिघडली की आवाजावरून कळतं, राव. बोळे घालून काय ऐकू?’

टर्नटेबल जुना, स्विस बनावटीचा, पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या मागे लागून मिळवलेला. हायवेवरच्या ट्रकांचा हादरा सुईपर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकले, त्यावर ग्रॅनाइटची लादी बसवली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळ्या जगाचं चालवून घेतात, एकाच गोष्टीचं घेत नाहीत.

आधी सुई बदलली. मग सुई बसते ते कार्ट्रिज. मग वायरी. थोडे दिवस खूश असायचे, मग पुन्हा मान तिरकी. ‘या ठुमरीत मागे बारीक झांज आहे. पूर्वी लख्ख यायची. वरचं गेलंय.’

मला ती झांज स्वच्छ ऐकू येत होती. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, तर दारात उभ्या त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, नुसते डोळे मोठे केले. बाहेर पडताना त्या हळूच म्हणाल्या, ‘बेल ऐकू येत नाही त्यांना. कुकरची शिट्टी नाही. सांगायचं कसं, तेवढं सांगा.’

एका रविवारी दुपारी ड्रिलचा घरघराट ऐकून मी धावलो. सुई धरणारा दांडा, म्हणजे आर्म, साहेबांनी नवा मागवला होता. तो बसवायचा तर जुन्या सागवानी पेटीत मोठं भोक पाडावं लागणार होतं. पेन्सिलीनं गोल आखून झाला होता. वहिनी त्या गोलावर पालथा पंजा ठेवून उभ्या होत्या.

‘हात काढ.’

‘आधी ती ठुमरी लावा. जुन्याच आर्मवर. एकदाच.’

‘शंभरदा ऐकलीय!’

‘मी नाही ऐकली. आज ऐकायचीय.’

त्यांनी चिडून रेकॉर्ड लावली. वहिनी टेबलाशी बसल्या आणि मला समोर बसायची खूण केली. ‘झांज वाजली की बोटानं टेबलावर ठोका. मीही ठोकते. माझ्याकडे बघू नका.’

मी डोळे मिटले. झांज ठेक्यात नव्हती, मध्येच कुठेतरी किणकिणायची. मी ठोकलं. पुन्हा किणकिण, पुन्हा ठोकलं. डोळे उघडले तेव्हा साहेब आमच्या दोघांच्या बोटांकडे टक लावून पाहत होते.

‘ठरवून आलात?’ आवाज चढला होता. त्यांनी दुसरी रेकॉर्ड काढली, मी पूर्वी कधीच न ऐकलेली. आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं. ‘आता घुंगरू. ठोका.’

साहेबांच्या हातात ड्रिल तसाच. मला एकदा वाटलं, मुद्दाम चुकावं. चुकलो नाही.

गाणं मध्येच थांबलं. त्यांनी आर्म उचलून जागेवर ठेवला, ड्रिलची पिन काढली आणि वायर गुंडाळत राहिले.

‘दोघांचं रीडिंग एकच आलं,’ ते म्हणाले. मग वहिनींकडे न बघता, ‘कधीपासून माहीत होतं तुला?’

वहिनींनी पेटीवरचा पेन्सिलीचा गोल पदरानं पुसला.

नवा आर्म परत गेला. कानाचं यंत्र आलं. ‘पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं,’ म्हणत साहेब ते निम्मा वेळ खिशातच ठेवायचे. काही आठवडे टर्नटेबलवरचं कापड निघालं नाही. मग एका संध्याकाळी वहिनींनीच रेकॉर्ड लावायला घेतली, आणि ‘अगं, सुई मोडशील!’ असं ओरडत ते धावले. तेव्हापासून ते सुईचा भार जुळवायचे आणि वहिनी ऐकून सांगायच्या. ज्यांनी उभ्या जन्मात रेकॉर्डकडे पाहिलं नव्हतं, त्या ठणकावून सांगू लागल्या, ‘अजून कर्कश आहे. थोडं कमी करा.’ आणि ते मुकाट्यानं कमी करायचे.

निवृत्तीनंतर दोघं नाशिकला मुलीकडे गेले. सामान टेम्पोत चढलं, पण टर्नटेबल त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ते गाडीत मागे बसले. वहिनी पुढे, जावयाच्या शेजारी. गाडी हलली तसं साहेबांनी काहीतरी विचारलं. वहिनींनी पट्टा सैल केला, अख्ख्या मागे वळल्या, आणि त्यांना ओठ नीट दिसतील असं तोंड धरून उत्तर दिलं.