चार बोटं पातं

शर्टाच्या खिशातून ते आधी धागा काढायचे. साधा, सुती, वीतभर. डाव्या हाताच्या चिमटीत त्याचं एक टोक धरून तो लोंबता सोडायचे आणि उजव्या हातातल्या चाकूचं पातं त्याला नुसतं टेकवायचे. ओढायचं नाही, दाबायचं नाही. तुकडा खाली पडला तर मान हलायची. नाही पडला तर चाकू मालकाच्या हातात परत जायचा आणि वर ऐकून घ्यावं लागायचं, "ताणलेला धागा तं दातानंही तुटते बाप्पा. लोंबता तुटला पाहिजे. हा चाकू नाही, पट्टी आहे. मार्जिन आखा याच्यानं."

नागपुरातल्या एका सरकारी सर्व्हे ऑफिसात ते स्टोअरकीपर होते आणि मी नवा ड्राफ्ट्समन. साठ सालानंतरची ही गोष्ट. सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच, ज्याचं सरकारी काम नेमकं काय ते कुणाला सांगता येत नाही, पण बिनसरकारी काम सगळ्यांना ठाऊक असतं. भाऊंचं बिनसरकारी काम म्हणजे शिकारीला जाणाऱ्यांना चाकू निवडून देणं.

तेव्हा शिकारीचे परवाने मिळत, आणि थंडी पडली की निम्मं नागपूर स्वतःला शिकारी समजू लागे. शनिवारी दुपारी स्टोअरच्या खिडकीशी हौशी मंडळी जमायची. कुणी आजोबांचा जंबिया आणी, कुणी बाजारातला पितळी मुठीचा सुरा. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून तपासायला बसायचे. खिडकीबाहेर सहीसाठी थांबलेला कंत्राटदार ताटकळत राही.

त्यांचे नियम ठरलेले होते. पातं चार बोटांचं, त्याहून लांब नको. "लांब चाकू घेणारा माणूस जंगलाले भेते. चाकू मारामारीले नाही, कामाले पाहिजे." चकचकीत परदेशी पोलादापेक्षा लोहाराकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं करून घेतलेलं पातं बरं, गंज चढला तरी कुठल्याही दगडावर धार लागते. शिंगाची मूठ दिसायला देखणी, पण ओल्या हातात निसटते; मूठ लाकडाची हवी आणि तिच्यावर सुतळी गुंडाळलेली. घडीचा चाकू भाकरी-कांद्याला ठीक, पण कातडं सोलायला नको, सांध्यात रक्त आणि केस अडकतात, मग त्याला मुंग्या लागतात. आणि प्रत्येक मुठीला लाल दोरा. "गवतात पडला तं शोधाल कसा? नाव घेऊन हाका माराल का त्याले?"

आता गंमत पाहा. हे सगळं सांगणाऱ्या माणसानं जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. घर गोळीबार चौकाजवळ, पण बार उडाला की दोन्ही कानांत बोटं. मांस तर तोंडातही घालत नसत. वडिलांनी कुठल्याशा महाराजांपुढे सोडलं होतं, ते मुलाकडे वारशानं आलं. घर विणकरांचं. बैठकीत वडिलांचा हातमाग होता, आणि मागावरचे दोरे कापायच्या पात्याला धार लावायचं काम लहानपणापासून भाऊंकडे. धाग्याची परीक्षा तिथूनच आली होती. मागाचं काम पुढे सुटलं, धारेचं तेवढं राहिलं.

आमच्या साहेबांकडे दुनळी बंदूक होती आणि लष्करी लिलावातली एक जुनी जीप. ती जीप चालवायची आणि जिवंत ठेवायची कामगिरी करीमभाईंची; त्यांचं सदर भागात गॅरेज होतं. मी सामान उचलायला. आणि चौथे भाऊ. रविवारी पहाटे जीप गोळीबार चौकाकडे वळायची, आणि भाऊ आपल्या ओट्यावर बूट घालून, कॅनव्हासची थैली घेऊन तयार असायचे. थैलीत तीन चाकू: एक मांसाचा, एक दोरी-लाकडाचा, एक खुद्द त्यांच्या कांद्या-भाकरीचा. या तिसऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर ते दिवसभर त्या माणसाशी बोलत नसत.

"भाऊ, तुम्ही मारत नाही, खात नाही, मग येता कशाला?" मी एकदा विचारलं.

"मी नाही आलो तं तुम्ही बोटं कापून घ्यान," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

खरं सांगायचं तर त्यांचं एक काम होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. पक्षी पडला की त्याच्यात जीव आहे तोवर अल्लाचं नाव घेऊन मानेवर सुरी फिरली, तरच करीमभाईंना तो चालायचा. यात क्षणाचा हिशेब असतो. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली की भाऊ थैलीतून मांसाचा चाकू काढून म्यानातून मोकळा करायचे आणि मूठ पुढे धरून करीमभाईंच्या शेजारी उभे राहायचे. कानात बोटं घालायला मग एकच हात उरायचा. बार उडाला की करीमभाईंच्या हातात मूठ, करीमभाई धावत पुढे आणि भाऊंचं तोंड दुसरीकडे. मुख्य प्रसंग त्यांनी कधीच पाहिला नाही. पण करीमभाई कधी उपाशीही राहिले नाहीत.

मग साहेबांच्या मेव्हण्यानं परदेशातून तो चाकू पाठवला. लाल मुठीचा, तळहाताएवढा, आणि पोटात अकरा अवजारं. साहेबांनी तो सगळ्या ऑफिसला दाखवला, आणि शेवटी मोठ्या आशेनं स्टोअरच्या खिडकीत ठेवला.

भाऊंनी एकेक अवजार उघडलं, जणू माल उतरवून घेताहेत.

"हे काय होय साहेब?"

"बाटलीचं बूच काढायचं."

"जंगलात कोणाच्या बाटलीले बूच आहे? अन् हे?"

"दात कोरायचं."

"आधी खायले तं भेटू द्या."

आम्ही सगळे हसलो. साहेबही हसले, पण जरा कमी. मग भाऊंनी खिशातून धागा काढला. मोठं पातं टेकवलं मात्र, तुकडा खाली पडला. भाऊंनी तुकड्याकडे पाहिलं, पुन्हा पात्याकडे पाहिलं.

"कापते," ते म्हणाले. आणि तिथं थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यांच्यानं राहवलं नाही. चाकू मिटून परत देताना म्हणाले, "पण साहेब, हा चाकू नाही, कपाट आहे. कामाच्या वक्ताले तुम्ही कपाटाची दारंच उघडून राहान."

एव्हाना खिडकीशी पंधरा माणसं होती आणि ती सगळी साहेबांच्या हाताखालची. हसू आवरणं कुणालाच जमलं नाही.

शनिवारी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "उद्या आपण तिघंच. भाऊंचं ते चाकूचं गाठोडं आता लागत नाही. मागे जागाही होईल. तुम्ही सांगून टाका त्यांना."

मी सांगतो म्हणालो. स्टोअरपर्यंत गेलोही. भाऊ चामड्याच्या म्यानाला तेल चोळत बसले होते. मला पाहून म्हणाले, "काय गा, उद्या किती वाजता?"

माझं वय तेव्हा चोवीस होतं. साहेबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि भाऊंना येऊ नका म्हणायचीही. मी म्हणालो, "नेहमीसारखंच." आणि निघून आलो. आपण काय केलं हे जिना उतरताना कळलं होतं. परत वर जाता आलं असतं. गेलो नाही.

रविवारी जीप गोळीबार चौकाकडे न वळता सरळ उमरेड रोडला लागली. करीमभाईंनी वेग कमी केला. "भाऊले नाही घ्याचं का गा?"

"त्यांना बरं नाही," मी म्हणालो. तिसरी व्यक्ती, तिसरी थाप.

उमरेडच्या अलीकडे साहेबांनी तितर पाडला. लाल चाकू माझ्याकडे होता. मला नखं खायची सवय, त्यामुळे पात्याच्या खाचेत नख काही रुतेना. आधी निघालं ते बूच काढायचं. मग करवत. मग कात्री. करीमभाई पक्षी हातात धरून ओरडत होते, "अरे दे ना गा! जल्दी दे!" मोठं पातं निघालं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पक्षी गवतावर ठेवला.

"आता आधीच उघडून ठेवा," साहेब म्हणाले. ठेवलं. दुसरा तितर पडला, मी उघडा चाकू घेऊन धावलो, ठेचकाळलो, आणि पातं माझ्याच बोटावर मिटलं. करीमभाईंनी पक्षी सोडून आधी माझ्या बोटाला रुमाल बांधला. तोवर तोही गेला होता.

रस्सा नेहमी करीमभाई करायचे. त्या दिवशीही त्यांनीच केला, त्यांना न चालणाऱ्या पक्ष्यांचा. आम्हाला दोघांना वाढला आणि स्वतः कांदा-भाकरी घेऊन बसले. "मले तशी भूक नाही," म्हणाले. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि ताटली खाली ठेवली.

सोमवारी मी बोट खिशात घालून स्टोअरवरून जात होतो. भाऊंनी हाक मारली. मी मनात सबबी जुळवत गेलो. एकही धड उभी राहीना.

"अरे, काल मीच तुले निरोप धाडणार होतो," ते म्हणाले. "पाहुणे आले होते घरी. मले येणं जमलंच नसतं. तुम्ही येऊन गेले असान तं उगाच चक्कर पडली."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "काही हरकत नाही भाऊ." असं म्हणालो! मोठ्या मनानं माफ केल्यासारखं. त्यांची नजर माझ्या बोटावरच्या पट्टीवर गेली आणि रजिस्टरवर परत आली. बोटाबद्दल त्यांनी विचारलं नाही. पाहुण्यांमुळे आपण सुटलो, याचा मला इतका आनंद झाला की दुपारी मी कँटीनमध्ये दोन प्लेट आलुबोंडे खाल्ले.

संध्याकाळी साहेब स्वतः स्टोअरच्या खिडकीशी आले. हातात लाल चाकू. "भाऊ, याला जरा धार लावून द्या."

"धार आहे त्याले," भाऊ म्हणाले. "ठेवा टेबलावर. पेन्सिली छिलाले कामी पडन."

साहेबांनी चाकू खिशात टाकला. मग म्हणाले, "रविवारी येतोय आम्ही. करीम म्हणतो, भाऊ नसतील तर मी जीप काढत नाही."

"पाहतो," भाऊ म्हणाले. "जमलं तं."

जमलं. त्यानंतर आणखी चार-पाच हिवाळे जमलं. एक फरक मात्र झाला. भाऊ पुन्हा कधी ओट्यावर थांबले नाहीत. पार चौकात, रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहायचे. मला वाटायचं, हौस! या वयात काय ही हौस! तसं मी त्यांना चिडवायचोही.

पुढे कायदा आला, परवाने बंद झाले, साहेबांनी बंदूक जमा केली. त्यांची बदली झाली, माझी कोराडीला. भाऊ निवृत्त होऊन नंदनवन कॉलनीत राहायला गेले. दिवाळीला एखादी भेट व्हायची, मग तीही चुकू लागली. ते गेल्याचं मला तेरावं झाल्यावर कळलं.

मी भेटायला गेलो. वहिनींनी बसायला खुर्ची दिली, चहा केला. आम्ही आजारपणाचं बोललो, मुलांचं बोललो. मग त्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू का भाऊजी? तुम्ही एका इतवारी आले नव्हते. आठवते?"

मी म्हणालो, "कधी?"

"गोळीबार चौकात राहात होतो तवा. हे चारले उठले, आंघोळ केली, बूट घातले न ओट्यावर बसले. सहा वाजले, आठ वाजले. आजूबाजूचे लोक विचारून राहिले, काहून भाऊ, आज जीप नाही का? हे म्हणे, येऊन राहिली. मी म्हटलं, आत येऊन च्या तरी घ्या. तं म्हणे, आत गेलो न जीप आली तं? दहा वाजेपर्यंत बसले, उन्हात. मंग आत आले, बूट काढले, न म्हणे, जीप बिघडली असन त्याहिची."

त्या रविवारी घरी पाहुणे कोण आले होते, हे विचारायची मला आता गरज उरली नव्हती. मला म्हणाले ते पाहुण्यांचं, घरी म्हणाले ते जीपचं. माझ्या एका थापेला झाकायला त्यांनी दोन लावल्या होत्या, आणि इतकी वर्षं मी त्यांना हौशी म्हणत होतो.

"मी त्याहिले पुन्हा काही विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पण माह्या मनात राहून गेलं. त्या दिवसासारखं त्याहिचं तोंड मी कधी पाहिलं नाही. आता तुम्ही आले म्हणून विचारतो. खरं सांगा, जीप बिघडली होती न?"

मी कप खाली ठेवला. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"हो वहिनी," मी म्हणालो. "करीमभाईंच्या गॅरेजातच. पार बसली होती. भाऊंना निरोप द्यायला कुणी मिळालं नाही."

"तेच," त्या म्हणाल्या. "मी तं तवाच म्हटलं होतं." आणि पदरानं डोळे पुसून त्यांनी माझ्या कपात आणखी अर्धा कप चहा ओतला.