गाठ मारलेली अंबाडी

१९५४, कार्तिक वद्यातला सोमवार. सकाळपासून मी अंबाडीची बोंडं सोलत बसले होते. लाल पाकळ्या सुपात, आतलं हिरवं बोंड टोपलीत. पाकळ्या कडक वाळवल्या की वर्षभर चटणीला होतात. हिरव्या बोंडातलं बी कोवळं, पांढरं असतं. ते पेरून उगवत नाही. ते शेळीला. पेरायचं बी मी बांधावरच्या वेगळ्या झाडांवर राखलं होतं. त्यांचा पाला खुडला नव्हता, बोंड तोडलं नव्हतं. बोंडं झाडावरच वाळून तडकायला लागली की कापायची, एवढंच राहिलं होतं.

आम्ही परभणीकडचे. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम निघालं म्हणून आलो आणि तिथेच यांचा उजवा हात दगडाखाली सापडला. बोटं मिटेनात. काम सुटलं. इंद्रायणीकाठच्या निघोजे गावातल्या एका विधवा बाईने शेताच्या कडेला झोपडीपुरती जागा दिली. मी तिची खुरपणी करायची आणि बांधावर मला हवं ते लावायचं, असं ठरलं. मी तिला आत्या म्हणत असे. बांधावर मी माहेरची लाल अंबाडी लावली. पावसाळाभर तिचा पाला टोपलीत घालून पिंपरीच्या मजुरांच्या झोपड्यांतून विकला. तिथे सगळी आमच्याकडची माणसं. कण्या घालून केलेल्या आंबट भाजीसाठी बायका वाट बघायच्या. आमची चूल त्यावर पेटत होती.

इकडे अंबाडी पेरतात ती दोरासाठी. उंच, हिरवी, पानाला आंबटपणा बेताचा. तिचं बी मागितलं तर कोणीही देईल, पण ते माझ्या कामाचं नाही. माहेरी भावाने अंबाडीच्या रानात कपाशी लावली होती. माझ्याकडचं होतं नव्हतं ते बी मी त्या वर्षी पेरून टाकलं होतं. म्हणजे बांधावरची ती झाडं हेच काय ते बी.

दुपारी विळा घेऊन बांधावर गेले तर तिथे नुसते बुडखे. शेजारची झाडं उभी होती. नेमकी माझी बियाण्याची झाडं गेली होती.

आत्या खळ्यावर होती. मी विचारलं, "माझी अंबाडी कुणी कापली?"

"आमच्या गड्यांनी. साल सुटाया परवाच इंद्रायणीत भिजत घातली. आगं, तूच गाठी मारल्या होत्यास न्हवं?"

मारल्या होत्या. आमच्याकडे बियाण्याच्या झाडाच्या शेंड्याला त्याच्याच सालीची गाठ मारतात, म्हणजे कोणी हात लावत नाही.

"ती बियाण्याची खूण होती, आत्या!"

"आता गं बया! हितं गाठ मारली की ते झाड दोर वळणाऱ्याच्या वाट्याचं. ते पयलं कापत्यात. मी म्हनलं, पोरीनं न सांगता वाटा काढला, शानी हाय."

"शेंडे कुठायत?"

"शेंडे छाटून शेरडास्नी टाकले की. बोंडं कुनी पान्यात घालतं व्हय?"

मी नदीकडे पळाले. काठावर छाटलेल्या शेंड्यांच्या नुसत्या काड्या होत्या. शेळ्यांनी बोंडासकट सगळं ओरबाडलं होतं. मी मातीत बोटं घालून चाळत बसले. सालपटं आणि लेंड्या, बाकी काही नाही. मग लुगडं खोचून पाण्यात उतरले. दगडाखाली दाबलेल्या पेंढ्या एकेक वर ओढल्या, उलगडल्या. छाटलेल्या. छाटलेल्या. पाणी गार होतं, पायाखाली शेवाळ. हे काठावर येऊन उभे राहिले होते. यांना एका हाताने पेंढी ओढता येत नव्हती आणि बघवतही नव्हतं.

"सोड आता," हे म्हणाले. "बी गेलं."

"मग आषाढात काय विकू? तुमचा हात?"

असं बोलायला नको होतं, पण बोलले. हे चपला काढून पाण्यात उतरले.

अगदी तळातल्या एका पेंढीचे शेंडे तसेच राहिले होते. गड्याने घाईत दाबली असावी. बोंडं काळपट, बुळबुळीत. मी तिथेच एक फोडलं. बी करड्या रंगाचं, म्हणजे तयार झालेलं. पण पाणी पिऊन टचटचीत फुगलेलं. काहींना पांढरी टोकं फुटली होती.

आत्या मागून आली होती. तिने ओंजळीत बघितलं. "वाळव की उन्हात."

"फुगलेलं बी वाळवलं की मरतं."

"मंग आता पेरतीस? थंडीत? वीतभर उंचीवरच फुलून बसंल ती."

ते मलाही माहीत होतं. दिवस लहान झाले की अंबाडीला फुलायची घाई होते. मग झाड केवढंही असो. पाला मिळणार नाही. वीतभर झाडाला एखादं बोंड लागलं तर लागलं, तेही थंडीने जाळलं नाही तर. पण मला पाला नको होता. मला एका बोंडातलं बी हवं होतं.

"मोटेच्या पाटाकडेला जागा द्या," मी म्हणाले.

"लसूण लावायचाय मला तिथं." आत्याने माझ्या ओंजळीतलं एक बी बोटाने उलटवून बघितलं. "घे. न्हाई उगवलं तर रडत येऊ नगंस."

बाकीची बोंडं फोडून बी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं. कुजलेलं बी बाजूला केलं. जे उरलं ते एका वाटीच्या तळाला बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पाटावर येईपर्यंत मी थांबले, माती जरा कोमट होऊ दिली. मग यांनी डाव्या हाताने काडीने भोकं पाडली आणि मी एकेका भोकात एकेक बी, मोड खाली करून, ठेवत गेले. वरून शेणखताची भुकटी पसरली आणि शेळ्या शिरू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या.