मांड्यांचा हात

"तुमच्या गाठीत कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी पहिलं विचारलं, "मग माझा उजवा हात?" त्यांना वाटलं, बाई घाबरून बरळतेय. अहो, गाठ उजव्या स्तनात होती आणि पिंप्राळ्यात मी खापरावरचे मांडे करून देते. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या, तापल्या मातीच्या खापरावर टाकायचा. हात गेला तर मी उरतेच किती!

डॉक्टरांनी समजावलं. हा कॅन्सर पसरू लागला की बहुतेकदा आधी काखेतल्या लसिकागाठींत शिरतो; या गाठी सगळ्यांनाच असतात. त्या सगळ्या काढल्या तर हात कायमचा सुजण्याची भीती जास्त. म्हणून निळा रंग टोचून तो आधी पोचतो त्या पहिल्या एक-दोन गाठीच शोधून तपासतात. त्यांना सेंटिनेल नोड म्हणतात. वेशीवरचे राखणदार समजा.

ऑपरेशन चालू असतानाच्या तपासणीत राखणदार स्वच्छ निघाले. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली, तर धुळ्याहून सोबतीला आलेल्या माझ्या नणंदेनं, सुमनताईंनी, वॉर्ड डोक्यावर घेतला. टोचलेला रंग होता तो! तुम्हाला झालं तर घाबरू नका.

पण शेवटचा रिपोर्ट बाकी होता. लॅबमध्ये त्याच गाठींचे आणखी बारीक काप करून बघतात. घरी येऊन मला एका जागी बसवेना. चहा उतू जायचा, फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे.

शेवटी फोन आला. एका गाठीत काहीतरी सापडलंय, सोमवारी या. काहीतरी म्हणजे किती? फोनवर कोणी सांगेना. माझं डोकंच फिरलं. आता काख कोरणार, हात जाणार, माझं मीच ठरवून टाकलं. सुमनताई धुळ्याला निघाल्या होत्या. सासूबाईंच्या वेळचं खापर त्यांच्या हातात दिलं. "न्या हे. माझ्या डोळ्यांसमोर नको." सुमनताई ते जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊन गेल्या.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "मायक्रोमेटास्टेसिस आहे. म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षाही लहान ठिपका. सापडला ते बरं झालं, पुढचे उपचार यावरून ठरतात. तुमच्या बाबतीत बाकीच्या गाठी काढायची गरज नाही. रेडिएशन आणि गोळ्या घेऊ."

"आणि मांडे?"

ते हसले. "जखम भरू द्या, व्यायाम करा. हात भाजू देऊ नका, सूज आली तर लगेच या."

बायांनो, प्रत्येकीचं वेगळं असतं. पण 'सापडलंय' एवढंच ऐकून माझ्यासारखा निकाल लावू नका. किती सापडलंय ते विचारा.

बाहेर येऊन मी सुमनताईंना फोन लावला. दिलेली वस्तू परत मागायची, लाज वाटत होती. "ताई, माझं खापर..."

"मी ते चुल्हावर ठेवंच नही, वहिनी," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "तुन्हंच शे ते."

माझंच आहे म्हणे! मी रिक्षा स्टँडवर सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुमनताई खापर घेऊन आल्या. पहिला मांडा फाटला, हात अजून आखडतो. दुसरा अख्खा उतरला. तो सुमनताईंच्या ताटात वाढला.