कापराच्या दोन वड्या

कापराचा वास आला की माझं डोकं फिरतं. बायको आरतीसाठी कापूर पेटवते आणि मी घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन उभा राहतो. तिला वाटतं अमेरिकेत येऊन मी नास्तिक झालो. तसं काही नाही. त्या वासाबरोबर मला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातला एक बाक आठवतो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी अकरा वर्षांची, नुकतीच स्काउट झालेली. जुलैमध्ये तिच्या तुकडीचा आठवडाभराचा कॅम्प होता आणि मुलींबरोबर दोन पालक हवे होते. मी वेस्ट विंडसरला राहतो, दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. तंबूत झोपायची हौस मला कधीच नव्हती. पण पोरगी पहिल्यांदाच इतके दिवस घराबाहेर राहणार, म्हणून सुट्टी टाकली आणि गेलो.

नव्या मुलींचा वेगळा वर्ग होता. गाठी मारणं, होकायंत्र बघणं, चाकू धरणं, जाळ पेटवणं. प्रत्येकीकडे एक पुस्तिका; एखादी गोष्ट आपल्या हाताने करून दाखवली की शिकवणारी त्या ओळीपुढे सही करायची. शिकवणारी म्हणजे सतरा वर्षांची मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखल. पालकांनी कुठे बसायचं हेही तिनेच सांगितलं. झाडांखाली एक लांब बाक होता, त्याच्या पुढे यायचं नाही. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत आणि ही पोर मला बाकावर बसवते. पहिल्याच दिवशी माझी सटकली.

गाठी जमल्या, होकायंत्र जमलं. बुधवारी जाळाची पाळी आली. काटक्या रानातून गोळा करायच्या. कागद नाही, रॉकेल नाही, घरून आणलेलं काहीही नाही, आणि आगपेटीतल्या काड्या फक्त दोन. शुक्रवारी संध्याकाळी समारोपाला मोठा जाळ असतो, आणि ज्यांना जाळाची सही मिळालेली असते त्याच नव्या मुली तो पेटवतात. माझ्या मुलीला तेवढंच हवं होतं. घरून निघाल्यापासून गाडीत तिचं तेच चाललं होतं.

तिने काटक्या छान रचल्या. मग पहिली काडी ओढली, ती मोडली. दुसरी पेटली, आणि पेटल्याबरोबर घाबरून तिने ती ओल्या मातीत टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या मुलीने जन्मात कधी काडी ओढलेली नाही. ओढणार कुठून? आमची शेगडी विजेवर चालते, देवापुढचा दिवा तिची आई लायटरने लावते, आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या मी. "हात भाजेल, हो बाजूला," हे मी तिला इतक्या वेळा ऐकवलंय की तिने कधी पुढे हात केलाच नाही.

हे लक्षात आलं, पण राग भलत्यांवरच आला. "ट्राय अगेन टुमॉरो," म्हणून पुढच्या मुलीकडे वळणाऱ्या त्या सतरा वर्षांच्या मास्तरणीवर. आदल्या रात्री पडून लाकडं भिजवणाऱ्या पावसावर. शेजारी बसून शांतपणे कॉफी पिणाऱ्या दुसऱ्या बापावर, कारण त्याच्या पोरीचा जाळ पहिल्या काडीला पेटला होता.

तंबूत किडे येऊ नयेत म्हणून बायकोने सामानात कापराची डबी घातली होती. संध्याकाळच्या जेवणानंतर मी मुलीला बाजूला घेतलं आणि दोन वड्या तिच्या हातात ठेवल्या.

"काटक्यांच्या खाली सरकवून दे. कोणाच्या लक्षात येणार नाही."

"बाबा, इट्स नॉट अलाउड."

"सही मिळाल्याशी मतलब. काडी ओढायला मी तुला घरी गेल्यावर शिकवतो."

"पण मग ते मी केलं असं कसं?"

यावर मी तिला माझ्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या गमती सांगितल्या. लाज वाटून नव्हे, फुशारकीने. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट कशी छापून काढायचो, सबमिशनच्या आदल्या दिवशी अख्खं जर्नल मित्राच्या जर्नलवरून कसं उतरवायचो, न केलेल्या प्रयोगांची रीडिंग्ज कशी भरायचो. सगळे करायचे, सगळ्यांना सह्या मिळायच्या, आणि आज सगळे चांगल्या नोकऱ्यांत आहेत. "माझं काही अडलं का?" असंही मी विचारलं. ती हसली नाही. मूठ मिटून तंबूत गेली.

गुरुवारी तिचा जाळ भप्पकन पेटला. पेटती काडी तिने जेमतेम आत ढकलली आणि बाकीचं कापराने केलं. शिकवणाऱ्या मुलीने वाकून वास घेतला आणि विचारलं, हे कुठलं लाकूड, किती छान वास आहे. "आय डोन्ट नो," माझी मुलगी म्हणाली. सही झाली. मी बाकावरून अंगठा दाखवला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी उजेड असतानाच सगळा कॅम्प मैदानात जमला. सही मिळालेल्या मुलींना एकेक करून पुढे बोलावलं, प्रत्येकीच्या हातात एक पलिता दिला. माझ्या मुलीचं नाव आलं. ती पुढे गेली, पण पलिता घ्यायला हात पुढे केला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आय चीटेड. आय पुट समथिंग अंडर द वूड."

कोणी हसलं नाही. शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, हे तुला कोणी दिलं का?

"नो," माझी मुलगी म्हणाली. "इट वॉज जस्ट मी."

मी मैदानाच्या कडेला, पालकांच्या बाकावर होतो. वीस पावलांवर. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, इंग्रजीत, जे मी रोज आठ तास बोलतो. शेजारी तो कॉफीवाला बाप होता, आणखी तीस-चाळीस माणसं होती, आणि मी मूग गिळून बसलो. मनात म्हटलं, पालकांनी बोलायचं नाही असा नियमच आहे. आठवडाभर ज्या नियमाला शिव्या घातल्या, तोच मी ढालीसारखा पुढे धरला. पुस्तिकेतली सही तिथल्या तिथे खोडली गेली. मुलगी मागे येऊन इतर मुलींच्या रांगेत बसली आणि पाच जणींनी जाळ पेटवला. तिने शेवटपर्यंत तो पाहिला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतका मी नालायक.

शनिवारी निघताना ती मास्तरीण फाटकाशी उभी होती. गाडी थांबवता आली असती. तिने हात हलवला, मी काच वर ठेवूनच हात हलवला. मैलभर गेल्यावर मी म्हटलं, "सॉरी, बेटा." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यू वर सिटिंग राइट देअर, बाबा."

बस, तेवढंच. तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये दुसरं वाक्य नाही. ओरडली असती, आईला सांगितलं असतं, तर मी माझ्या बाजूने काहीतरी बोललो असतो. तिने आईला आजवर सांगितलेलं नाही. मीही नाही, आणि याची चीड कोणावर काढू?

पुढच्या आठवड्यात एके दुपारी मागच्या अंगणातून काड्या ओढल्याचा आवाज आला. बार्बेक्यूच्या पत्र्यात तिने काटक्या रचल्या होत्या आणि शेजारी आगपेटीच्या मोडक्या काड्यांचा ढीग पडला होता. तर्जनीवर भाजल्याचा लाल डाग. मी धावत गेलो आणि सवयीने म्हणालो, "दे इकडे, काडी अशी तिरकी धरायची असते."

तिने आगपेटी पाठीमागे लपवली. "बाबा, बाकामागे."

आमच्या अंगणात बाक नाही. मी कचऱ्याच्या डब्यांमागे जाऊन उभा राहिलो.