आईने वर केलेला हात

शाळेच्या वऱ्हांड्यात मुली भिंतीवर चित्रं चिकटवताहेत. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या परदेशी बाया, देश चालवणाऱ्या, लाठ्या झेलणाऱ्या. ओल्या खळीचा वास वर्गात शिरतो आणि माझं शिकवण्यात लक्ष लागत नाही. उद्या महिला दिनाला मला या बायांवर बोलायचं आहे, पण दोन दिवस मनात वेगळीच एक बाई येरझाऱ्या घालते आहे. तिचं चित्र कुठेच नाही.

टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावची ती सरपंच. जागा बायांसाठी राखीव झाली म्हणून सहीपुरती निवडून आणलेली. पण पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याला खुर्चीवरून उठवलं आणि नळाची नवी लाईन आधी बौद्धवाड्यात न्यायचा ठराव लिहून घेतला. तिच्या स्वतःच्या दारात विहीर होती. दुसऱ्या बायांनी उन्हात मैलभर हंडे वाहावेत, हे तिला बघवत नव्हतं. गाव बिथरलं. अविश्वास ठराव आला. एकच हात कमी पडत होता, माझ्या आईचा. आईही सदस्य होती, बाबांनी उभी केलेली.

मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होते, सुटीला घरी आले होते. ठरावाच्या सभेच्या आदल्या दिवशी आईने माझ्याकडून नोटीस दोनदा वाचून घेतली, मग हळूच म्हणाली, "तू शिकलेली हायेस. मंग सांग, म्या काय करू?" पुस्तकांतल्या साऱ्या शूर बाया मला तोंडपाठ होत्या. पण घरात भांडण नको होतं. मी म्हटलं, बाबा म्हणतात तसं कर.

तहसीलदारांसमोर आईने हात वर केला. सरपंचबाईचं पद गेलं.

चार दिवसांनी बाजारात तिने आम्हाला गाठलं. मला वाटलं, भांडेल. तिने आईचा हात हातात घेतला. "तुह्या मनात न्हवतं, म्या पाह्यलं. पर हात तुहाच व्हता न बाई."

पुढच्या निवडणुकीत आईने बाबांना न विचारता अर्ज भरला, आणि पडली. बौद्धवाड्यात नळ यायला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर सरपंचबाई मुलाकडे जाऊन तिथेच वारली होती. तिला भेटायला जायचं मी प्रत्येक सुटीत ठरवलं, गेले मात्र नाही.

आई आता जालन्यात मस्तगडला माझ्याजवळ असते. मागे धीर करून विचारलं, माझा राग येत नाही का? "तू तवा लहान व्हतीस," एवढंच म्हणाली. लहान कुठली, वीस वर्षांची होते. आईने दिलेली ही माफी मला घेताही येत नाही आणि परतही करता येत नाही. इतक्या वर्षांत पुष्कळ काही पुसट झालं. माझं ते विसावं वर्ष तेवढं टक्क जागं आहे.