उभट फूल

"चालतंय की, दादा. चित्र आलं ना?"

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या त्या माणसाचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. तेवढाच राग मला माझाही येतो. पण सुरुवात त्याच्यापासून करतो, कारण ते सोपं आहे.

सोलापुरात टॉवेल आणि नॅपकिन विणणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनचं काम करतो. लॅपटॉपवर चौक भरून नक्षी काढायची, मग ती मागावर जाऊन कापडात उतरते. मी केम गावचा. शाळा तिथलीच, कॉलेज करमाळ्याला. घरात पदवी घेणारा पहिला. बीएस्सी होऊन इथं आलो तेव्हा कापडातला उभा धागा कोणता आणि आडवा कोणता, हेही मला कळत नव्हतं. ते मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आमचे जुने डिझाइनवाले. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातले, उभा जन्म आलेखाच्या कागदावर चौक रंगवण्यात घालवलेला माणूस. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "ए बीएस्सी" हीच हाक. पण शेजारी बसवून त्यांनी जे दिलं ते मला कुठल्या कॉलेजात मिळालं नसतं. आज मी घरी पगार नेतो तो त्यांच्यामुळे.

गेल्या वर्षी त्यांना लॅपटॉपवरचे बारीक चौक दिसेनासे झाले. मालक म्हणाले, "मोठा मॉनिटर आणू. त्यावर जमलं तर बघू."

'जमलं तर' म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं. मास्तरांची नोकरी आता त्या मॉनिटरवर अवलंबून होती.

मॉनिटर आला. कुठल्यातरी ऑफिसात वापरून झालेला, पण चांगला मोठा आणि आमच्या लॅपटॉपच्या मानाने जरा उंच. लॅपटॉपचं पोर्ट एका प्रकारचं, मॉनिटरचं दुसऱ्या. दुकानात जाऊन मी दोन्हींना जुळणारी सरळ वायर मागितली. ती त्या माणसाकडे नव्हती. नाही म्हणायचं सोडून त्याने बोटाएवढा कन्व्हर्टर माझ्या हातावर ठेवला. जोडला तर पडदा काळाच. दोन दिवस मी लॅपटॉप बंद-चालू करत होतो, ड्रायव्हर टाकत होतो, काढत होतो. मास्तर शेजारच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेले. मग कन्व्हर्टर बदलून आणला आणि चित्र आलं. पण अक्षरं पुसट होती, आणि सेटिंगमध्ये मापांची जी यादी उघडली तिच्यात मॉनिटरचं स्वतःचं माप नव्हतंच. दुकानात फोन केला तेव्हा ऐकलेलं उत्तर वर लिहिलंच आहे.

मी यादी बंद केली.

एका हॉटेलसाठी चौकोनी नॅपकिन करायचे होते, मधोमध गोल कमळ. मास्तरांनी मॉनिटरजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "बीएस्सी, हे फूल उभट झालंय बघ."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. त्यावर तेच फूल गोल होतं. दोन पडद्यांवर दोन फुलं. मला दिसत होतं. पण "मला कळत नाही" हे म्हणायची माझी तयारी नव्हती. कारखान्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा म्हणून मलाच ओळखत होते.

"मोठा पडदा बरोबर असतो, मास्तर," मी म्हणालो.

"पट्टी लावून बघू का?" त्यांची जुनी स्टीलची फूटपट्टी खिशातच असायची.

"स्क्रीनला ओरखडे पडतील."

"बरं. पडदा बरोबर म्हणतोस, तर मग फूल चुकलंय. उभ्या दहा चौकांतला एक काढ."

मी काढला. मॉनिटरवर फूल सुरेख गोल झालं. मागावर नमुना विणला गेला आणि कापडातलं कमळ बसकं निघालं, कुणीतरी वरून दाबल्यासारखं.

मालकांनी तो नॅपकिन मागवाल्यांसमोर हवेत धरला. आवाज चढवला नाही, हेच मला जास्त लागलं. "मास्तर, डोळ्यांनी दगा दिला बघा. वय झालं. आता घरी आराम करा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली, चष्म्याची डबी उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्टी मी मॉनिटरला लावली. ओरखडा पडला नाही. आडवे दहा चौक मोजले: दहा सेंटीमीटर. उभे मोजले: नऊ चौकांतच दहा सेंटीमीटर भरले. दहाव्या चौकाला जागाच नव्हती. तो कन्व्हर्टर मॉनिटरचं माप लॅपटॉपपर्यंत पोचवतच नव्हता. लॅपटॉप आपल्या बसक्या पडद्याचं चित्र पाठवत होता आणि मॉनिटर ते ताणून आपली उंची भरत होता. मॉनिटरखालची बटणं दाबत गेलो. एका ठिकाणी 'पूर्ण पडदा' आणि 'मूळ प्रमाण' असे दोन पर्याय होते. दुसरा निवडला. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि मधलं चित्र बसलं. मास्तरांचं मूळ फूल उघडलं. गोल, अगदी गोल. पाच मिनिटंही लागली नव्हती.

कन्व्हर्टर मुठीत धरून मी दुकानात गेलो.

"मागितलेली वायर माझ्याकडे नाही, एवढं तोंडानं सांगता येत नव्हतं तुम्हाला?"

"अहो, चित्र येत होतं की. लोकं वापरतात. तुम्ही लईच मनावर घेता."

"एका माणसाचं काम गेलंय!"

"आता कन्व्हर्टरनं कुणाचं काम जातंय का, दादा?" तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. मी कन्व्हर्टर काउंटरवर आदळला. त्याने तो उचलून निवांतपणे ड्रॉवरमध्ये टाकला. उद्या दुसऱ्या कुणाला देईल.

तसाच मालकांसमोर गेलो. पट्टीचं सांगितलं, बटणाचं सांगितलं. "मास्तरांना बरोबर दिसत होतं. जे दिसलं तेच ते बोलले. चूक पडद्याची होती."

मालकांनी विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बोललास?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. न तपासता, चार माणसांत, असं कसं बोललात म्हणून. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. "घाबरलो," मी म्हणालो. "मला माहीत नाही हे कबूल करायचं नव्हतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जा, घेऊन ये त्यांना. वय झालंय हे मात्र खोटं नाही."

एवढंच. चूक झाली, असं नाही.

आधी मी मूळ नक्षीवर नवा नमुना विणून घेतला. संध्याकाळी तो घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. ते दारातच बसले होते. मी सगळं सांगितलं, दोन पडद्यांवर दोन वेगळी फुलं मला तेव्हाच दिसली होती, हेसुद्धा. ते आत कुणाशी तरी तेलुगूत काहीतरी तोडून बोलले आणि माझ्याकडे वळले.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणि मला म्हणालास पडदा बरोबर?"

"हो, मास्तर."

"घरी बायको म्हणत होती, आता रस्ता ओलांडू नका एकटे. मीच मानलं होतं, डोळे गेले म्हणून. रात्रभर हात डोळ्यांसमोर धरून बघत होतो." त्यांना असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "लाज वाटली नाही?"

त्यांनी माझ्या हातातून नॅपकिन ओढून घेतला. बोटांनी कमळाची कड चाचपली. मग नॅपकिन तिरका दुमडून उजेडाकडे धरला. पाकळीवर पाकळी बसली. पुन्हा उलटा दुमडला. पुन्हा बसली.

"मालक काय म्हणाले?"

"घेऊन ये म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

नॅपकिन त्यांनी परत दिला नाही. ये, बस, चहा घे, काही नाही.

दोन दिवस मास्तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. मालक समोरच होते. "या मास्तर," असं म्हणाले, जणू मास्तर गावाला जाऊन आले होते. मागवाल्यांपैकी दोघं काम थांबवून बघत राहिले, मालक आणखी काही बोलतील म्हणून. मालक आत निघून गेले.

मास्तर मॉनिटरसमोर बसले. चष्मा पुसला, वर-खालच्या काळ्या पट्ट्या बघितल्या आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"माझी पट्टी कुठं ठेवलीस?"